पुलावरची झुंबड

(पडद्यावर निळसर करडा कागद. त्यावर काळे फराटे.)

पहिल्या नजरेला इथं धुरळ्याशिवाय काही दिसत नाही. आधी पूल शोधा. ती कमान सापडली की बाकीचं उलगडायला लागतं. डावीकडून घोडेस्वारांचा लोंढा पुलावर चालून येतोय, वर हातघाई जुंपलीय आणि खाली पाण्याच्या अंगाला माणसं नि घोडी एकमेकांवर कोसळतायत.

व्हेनिसचा चित्रकार टिशियन याचं हे चारकोलचं रेखाटन आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. कागद सुमारे ३८ सेंटिमीटर उंच आणि ४४ सेंटिमीटर रुंद. ही तयारी होती डोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यातल्या महासभेच्या दालनासाठी काढायच्या भल्याथोरल्या चित्राची.

(कॅमेरा पुलावर, अगदी जवळून.)

आता एखादा चेहरा शोधून बघा. हाती काही लागत नाही. स्वार म्हणजे दोन-चार वळणं, घोडा म्हणजे फुगलेली छाती आणि मानेचा बाक. चारकोल म्हणजे शेवटी जळकी काडी. बोट फिरवलं की पसरते, फडकं मारलं की बरीचशी निघून जाते. त्यामुळे मन बदलायला भरपूर वाव. टिशियन इथं एकेक माणूस काढत बसलेला नाही, तो अख्खी गर्दी इकडून तिकडे ढकलतोय. जिथं रेटा जास्त तिथं काळं दाट. कागद मुळातच निळा, म्हणजे मधली छटा आयतीच मिळाली. काळ्यानं सावली धरायची आणि उजेडापुरता पांढरा लावायचा.

व्हेनिसचे चित्रकार आधी नीट रेखाटायला शिकत नाहीत, अशी खंत मायकेलअँजेलोनं टिशियनचं काम पाहून बोलून दाखवली होती, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वासारी लिहितो. मायकेलअँजेलोच्या फ्लॉरेन्सच्या नजरेनं ते बरोबरही असेल. तिथं रेखाटन म्हणजे स्वच्छ, ठाम बाह्यरेषा. पण अशा रेषेनं बांधलेली झुंबड जागच्या जागी थिजली असती!

आता सरळ रेघा बघा, आडव्या आणि उभ्या. चित्र मोठं करण्यासाठी आखलेल्या या चौकटी. आपल्याकडे सिनेमाचे बॅनर रंगवणारे याच रीतीनं फोटो मोठा करत. चौकटी आखल्या म्हणजे मांडणी पक्की झाली, असं एरवी समजायचं. इथं मात्र कित्येक चौकटींत अजून नुसता गोंधळ आहे. मला यात घाई दिसते, आणि घाईला कारणही होतं.

ही लढाई रंगवायचं काम टिशियननं १५१३ मध्ये स्वतःहून मागून घेतलं होतं. ती जागा इतकी अवघड की आजवर कुणी हात घातलेला नाही, असं त्यानं अर्जात म्हटलं होतं. मग वेदीचित्रं आली, ड्यूक आले, खुद्द सम्राट आला. भिंत राहिली तशीच. या कामाच्या बदल्यात दिलेल्या, जर्मन व्यापाऱ्यांच्या वखारीतल्या दलालीच्या पदाचे पैसे मात्र त्याला वर्षानुवर्षं मिळत राहिले. अखेर १५३७ मध्ये सरकारनं बजावलं: काम केलं नाहीस, पैसे परत कर. १५३८ मध्ये चित्र तयार! हे रेखाटन त्याच धावपळीतलं मानलं जातं.

लढाई नेमकी कोणती, यावर आजही वाद आहे. भिंतीवरचा जुना विषय स्पोलेतो या इटलीतल्या शहराच्या लढाईचा. पण अनेकांना यात कादोरेची लढाई दिसते. कादोरे हा टिशियनचा मुलूख, आणि तिथं १५०८ मध्ये व्हेनिसनं सम्राट मॅक्सिमिलियनच्या फौजेला धूळ चारली होती.

टिशियन १५७६ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी, २० डिसेंबरला, राजवाड्याला आग लागली आणि चित्र जळालं. ते कसं होतं याची कल्पना येते जूलिओ फोंताना याच्या छापचित्रावरून. त्यात सगळं लख्ख आहे: चिलखतं, निशाणं, तोफ. कोण कुठं पडलाय तेही नीट कळतं. या कागदावर ते कळत नाही, आणि पुलावर सापडलेल्या शिपायाला तरी ते कुठं कळत असणार?