मिनीडीव्ही कॅसेटवरचे लग्न डीव्हीडीवर उतरताना

अंतरपाट दूर होतो, अक्षतांचा वर्षाव सुरू होतो आणि पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागातले चित्र चौकोनी ठिकऱ्यांमध्ये विखुरते. डावीकडे मूळ मिनीडीव्ही (छोटी डिजिटल व्हिडिओ) कॅसेट चालू आहे आणि उजवीकडे तिच्यावरूनच तयार केलेली डीव्हीडी. शूटिंग एकच, कॅमेराही एकच, तोही घरगुती. तरी डावीकडे अक्षतांचे दाणे सुटे दिसतात आणि उजवीकडे नवरीचा चेहरासुद्धा धड ओळखू येत नाही.

झाकण उघडलेल्या कॅमेऱ्यात फिरणारा हा हेड-ड्रम, म्हणजे फीत वाचणारा दंडगोल, मिनिटाला ९००० फेरे घेतो आणि जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवरच्या तिरप्या रेषा वाचतो. या रेषांमध्ये प्रत्येक फ्रेम (एकेक स्थिर चित्र) स्वतंत्रपणे साठवलेली असते आणि चित्रासाठी सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट इतकी माहिती खर्ची पडलेली असते. डीव्हीडीवर चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मिळतात, म्हणून तिथली एमपेग-२ ही चित्र आक्रसण्याची पद्धत बहुतेक फ्रेम पूर्ण न लिहिता शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच लिहिते. ट्रायपॉडवरून टिपलेला स्थिर मांडव त्यामुळे स्वस्तात भागतो, पण शेकडो दाणे शेकडो दिशांना उडू लागले की हिशेब कोलमडतो.

हळदीच्या या दृश्यात मात्र काहीच उडत नाही, तरी भिंत वळवळते आहे. अपुऱ्या उजेडात कॅमेऱ्याने स्वतःहून गेन (संवेदनशीलता) वाढवला, त्यातून चित्रात दाणेदार खरखर आली, आणि ती प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असल्यामुळे एन्कोडर (चित्र एमपेग-२मध्ये बदलणारे सॉफ्टवेअर) तिलाच हालचाल समजून तिच्यावर बिट उधळत बसतो. शूटिंगच्या वेळी एक जादा दिवा लावला असता, तर नंतरच्या कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा तो अधिक उपयोगी पडला असता.

कॅप्चरिंगसाठी, म्हणजे कॅसेट संगणकात उतरवण्यासाठी, ही बारीक फायरवायर केबलच वापरावी, कारण तिच्यातून फितीवरचे आकडे जसेच्या तसे संगणकात उतरतात. पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने तेच चित्र आधी अ‍ॅनालॉग होते आणि पुन्हा डिजिटल करावे लागते. तासाभराच्या कॅसेटला सुमारे १३ जीबी जागा लागते, ती खुशाल द्यावी.

वरातीतल्या नाचणाऱ्यांच्या हातांभोवती कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसत आहेत. भारतातल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजेच ५० फील्ड (एकाआड एक रेषांच्या अर्ध्या फ्रेम) असतात, आणि दोन फील्डमधल्या क्षणांचा फरक संगणकाच्या पडद्यावर असा उघडा पडतो. या रेषा घालवण्याच्या उत्साहात निम्मी हालचाल पुसली जाते, म्हणून डीव्हीडीसाठी चित्र इंटरलेस्डच, म्हणजे फील्डमध्ये विभागलेलेच, ठेवावे. मिनीडीव्हीत खालचे फील्ड आधी येते, तेव्हा एन्कोडरलाही तोच क्रम सांगावा. तो उलटला तर टीव्हीवर वरात मागेपुढे हिसके देत चालते.

तबकडीची क्षमता ४.७ जीबी असते. तासाभराचे लग्न तिच्यावर सेकंदाला ८ मेगाबिटने सहज बसते, दोन तासांना आवाजासकट सुमारे ५ मेगाबिट उरतात, आणि तीन तास कोंबले की साडेतीनही उरत नाहीत. ‘सगळे एकाच डीव्हीडीत द्या’ हा आग्रह मोडून दोन तबकड्या कराव्यात, आणि टू-पास एन्कोडिंग निवडावे, म्हणजे पहिल्या फेरीत अवघड जागा हेरून दुसऱ्या फेरीत बिट अक्षतांसाठी राखले जातात.

घरी बर्न केलेल्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर कालांतराने खराब होतो, म्हणून कॅसेटच्या कडेची खिट्टी ‘सेव्ह’कडे सरकवून ती जपावी आणि कॅप्चर केलेली मूळ फाइलही पुसू नये.