श्वास मोजायला किती लांब जायचं?

[दृश्य: थंडीतली सकाळ. मेडिकल चौकातून रुग्णालयाकडे निघालेली माणसं.]

दहा पावलं चाललं की दम लागतो, बोलताना मध्येच थांबावं लागतं. अशा माणसाला नागपुरात सगळे एकच सांगतात, मेडिकलला जा, नाहीतर मेयोला. दोन्ही मोठी सरकारी रुग्णालयं. मिहानला आता एम्सही आहे. गोंदिया-गडचिरोलीपासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण याच शहराच्या भरवशावर असतात.

पण कोराडी-खापरखेड्याहून मेडिकल गाठायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. बस, मग ऑटो, मग कार्ड काढायची रांग, मग या इमारतीतून त्या इमारतीत. धडधाकट माणसाला त्याचं काही वाटत नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लावणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला मात्र डॉक्टरांसमोर बसेपर्यंत शब्द फुटत नाही.

[दृश्य: स्पायरोमीटरच्या नळीत फुंकणारी आजी.]

या आजाराचं निदान होतं स्पायरोमेट्रीने. छातीभर श्वास घ्यायचा, नळीत जोरात फुंकायचं, हवा संपेपर्यंत फुंकतच राहायचं. यंत्र टेबलावर मावेल एवढं. रक्तदाब आणि साखर मोजायला आज लांब जावं लागत नाही, श्वास मोजायचा तर बहुतेकांना मोठं रुग्णालयच गाठावं लागतं. म्हणून आयुष्यभर चुलीपुढे बसलेली बाई ‘वय झालं’ म्हणत खोकल्याचं औषध पीत राहते. हा फक्त बिडी ओढणाऱ्यांचा आजार नाही. चुलीचा धूर आणि कामावरची धूळही फुप्फुसं अधू करते, बरा झालेला टीबीसुद्धा मागे धाप ठेवून जातो.

[दृश्य: तळहातावर रोटाकॅप. कॅमेरा अगदी जवळ.]

ही कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे रुग्णही असतात. ती औषध श्वासातून ओढायच्या यंत्रात, म्हणजे पंपात, घालायची असते. आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, जोरात आणि खोल ओढायचं, मग जमेल तितका, दहा सेकंदांपर्यंत, श्वास रोखायचा. औषधात स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची. हे चिठ्ठी वाचून जमत नाही. कुणीतरी समोर बसून करवून घ्यावं लागतं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पाहावं लागतं.

[दृश्य: घरातलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बाजूला विजेचं मीटर.]

ज्यांचा ऑक्सिजन बसल्या जागीही फार कमी असतो, त्यांना तो रोज किमान 15 तास लावावा लागतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं हे यंत्र साधारण 350 वॉटचं धरलं तर रोज 5 युनिटच्या वर, महिन्याला दीडशेहून अधिक. शंभर युनिटांनंतर दर चढतो. बिलाच्या धास्तीने यंत्र बंद ठेवलं, तर त्या उपचाराला अर्थ उरत नाही.

फुप्फुसांच्या व्यायामालाही असाच नियमितपणा लागतो. आठवड्यातून दोनदा, सहा ते आठ आठवडे यावं लागतं. एवढ्या खेपा घराजवळच होऊ शकतात.

[दृश्य: वस्तीत फॉर्म भरणाऱ्या आशाताई.]

तिशी ओलांडलेल्यांसाठीच्या या फॉर्ममध्ये धाप लागते का, स्वयंपाक कशावर करता, हे प्रश्न आहेतच. उत्तर ‘हो’ आलं की त्या माणसाला वस्तीतल्याच दवाखान्यात फुंकायला नळी मिळाली पाहिजे, आणि पंप कसा ओढायचा हे शिकवणारं माणूस.