तिळभर अंतर

(दृश्य: शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा)

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी दिसली आणि फौजेचा धीर सुटला.

आता एवढंच बदला: गोळी तिळभर अंतरानं हुकली.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा इथून वळते. इतिहासाला तंत्रज्ञानाची जोड देणारी एकच मराठी कथा वाचणार असाल, तर ही वाचा. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक मुंबईला जातात; तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे, पण मोजक्याच ठाण्यांपुरती. लेखक नुसत्या विजयावर थांबत नाही. युरोपातलं यंत्रयुग ओळखून पेशवे स्वतःची विज्ञानकेंद्रं काढतात. कंपनीचे तज्ज्ञ येतात, पण आपली माणसं तयार होईपर्यंतच.

ही माणसं तयार करण्याची पायरीच बाकीच्या कथा गाळतात. नायकाला वाफेचं इंजिन सुचतं आणि पुढच्या पानावर ते धावतं!

(दृश्य: भोसरीतलं वर्कशॉप, लेथवर फिरणारा जॉब)

सिलिंडरचं बोअरिंग कोण करणार? भोक गोल नसेल, तर पिस्टनच्या कडेनं वाफ निसटते. जेम्स वॉटनं तिथे तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या हॅटसुद्धा ठासून पाहिल्या. मार्ग निघाला तोफांच्या कामातून. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सन या इंग्रज लोखंड-कारखानदारानं तोफा कोरण्याची नवी रीत काढली, आणि मग त्याच कसबानं वॉटचे सिलिंडर कोरले. ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या नाण्याच्या जाडीइतकाही फरक नव्हता. पानिपतानंतर अवघ्या पंधरा वर्षांतली ही गोष्ट. म्हणून तोफखाना बाळगणाऱ्या राज्याला यंत्रयुगात शिरवणारी नारळीकरांची कल्पना मला पटते.

(दृश्य: कात्रजचा तलाव)

पुण्यात कसबी हातांची वाण नव्हती. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचं पाणी नुसत्या उतारावर, जमिनीखालच्या नळातून शहरात आणलं. वाटेत उच्छ्वास बांधले: हवा सुटायला, गाळ काढायला माणूस उतरायला. कथा लिहिणाऱ्यानं आधी हे बघावं.

एका गोळीनं एवढं बदलेल का, ही शंका येतेच. कथेत त्यावर कॅटॅस्ट्रॉफी थिअरी (छोट्या बदलातून अचानक मोठा पालट कसा होतो, ते मांडणारं गणित) आणि पुंजभौतिकी (अणूंच्या सूक्ष्म जगाचं विज्ञान) यांचा आधार घेतलेला आहे. तो संवाद सावकाश, दोनदा वाचा. त्यात बखरीचं एक पान येतं. त्यावर काय आहे, ते इथे सांगत नाही.