लिस्टेरिया ओळखणाऱ्या जिवंत पेशी

पडद्यावर दिसणारी ही प्लॅस्टिकची तबकडी जेमतेम तळहाताएवढी आहे. तिच्या प्रत्येक खळग्यात कोलॅजेन या प्रथिनाची पारदर्शक जेली असून, उंदराच्या बी-पेशींपासून (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींपासून) तयार केलेल्या संकरित पेशी तिच्यात जिवंत ठेवलेल्या आहेत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात अरुण भुनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींना अन्नातील लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जीवाणू हुडकण्याच्या कामी लावले.

हा जीवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. 2011 साली अमेरिकेत दूषित खरबुजांमधून तो 28 राज्यांत पोहोचला, 147 जण आजारी पडले आणि त्यांपैकी 33 जण दगावले. प्रयोगशाळेत नमुना वाढवून त्याची खात्री करायची म्हटले तर कित्येक दिवस जातात, आणि फळांसारखा नाशवंत माल तेवढे दिवस थांबत नाही. पीसीआर चाचणी लवकर उत्तर देते खरी, पण ती डीएनए शोधते, आणि डीएनए मेलेल्या जीवाणूचाही सापडतो.

जिवंत पेशीची परीक्षा वेगळी असते, कारण तिथे अपाय प्रत्यक्ष घडावा लागतो. आता या खळग्याकडे पाहा. नमुन्यातील लिस्टेरिया लिस्टेरिओलायसिन-ओ नावाचे विष सोडतो, ते पेशीच्या पटलाला भोके पाडते, आणि आतले अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) बाहेर झिरपून खळग्यातील रसायनाला रंग आणते. हे सारे काही तासांत घडते. लिस्टेरिया इनोक्युआ हा याच कुळातला निरुपद्रवी भाऊबंद शेजारच्या खळग्यात सोडला, तर पेशी शाबूत राहतात.

एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने 2003 मध्ये मांडलेली ‘कॅनरी’ पद्धत याहून चपळ आहे. तिथे बी-पेशींमध्ये जेलीफिशचे एक्वोरिन हे प्रथिन घातलेले असते. पेशीवरील प्रतिपिंडांना जंतू चिकटला की आत कॅल्शियम वाढते आणि पेशी प्रकाश टाकते. मात्र ती जंतू ओळखते, त्याची मारकता जोखत नाही. अन्नाच्या बाबतीत मला पहिलीच पद्धत अधिक मोलाची वाटते.

अडचण आहे ती पेशींच्या जोपासनेची. त्यांना 37 अंश सेल्सिअस तापमान, पोषक द्रव आणि निर्जंतुक जागा लागते. शीतगृहात निवांत वाढणाऱ्या जीवाणूला पकडायचे, तर त्याला ओळखणाऱ्या पेशींना तपासणीच्या टेबलापर्यंत अशा उबेतच न्यावे लागते. कोलॅजेनच्या जेलीत त्या अधिक काळ तग धरतात, हीच सध्याची सोय.