पुळण आणि रान यांच्यामधले घर

(दृश्य : गालजीबाग नदीचे मुख, सुरूंची रांग, मागे निळसर डोंगर.)

गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोण तालुक्यात, सह्याद्रीचे फाटे समुद्राच्या अगदी जवळ येतात. उत्तर गोव्यातल्या बार्देश आणि तिसवाडी तालुक्यांत डोंगर आणि किनारा यांच्यामध्ये खाजणे, पठारे आणि दाट वस्ती पसरलेली आहे. काणकोणात मात्र करमल घाट उतरून चावडी या तालुक्याच्या मुख्य गावी पोहोचेपर्यंत रान रस्त्याची सोबत सोडत नाही. चावडीच्या दक्षिणेला तळपण आणि गालजीबाग या दोन लहान नद्या समुद्राला मिळतात. तेथील एखाद्या घरात उतरले, की सकाळी खोतीगावच्या अभयारण्यात फिरून दुपारच्या जेवणाला पुन्हा किनाऱ्यावर परतता येते. 2019 साली काणकोणचा बाह्यवळण रस्ता आणि त्यावरील पूल खुले झाले, तेव्हापासून येथे पोहोचणे फारच सोपे झाले आहे. इतके सोपे, की गाडीतून भरधाव जाणाऱ्याला आपण दोन नद्या ओलांडल्याचे कळतही नाही.

येथे मुक्कामाला मिळणारे घर साधे असते. बांबूचे आणि पोफळीचे खांब, जमिनीपासून हातभर उंच फळ्यांची तक्तपोशी, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, पुढे दोन खुर्च्या मावतील एवढी पडवी आणि वर माडाच्या झापांचे छप्पर, इतकाच त्याचा संसार. घर असे कच्चे असण्यामागे हौसेपेक्षा कायद्याचा भाग मोठा आहे. 1991 साली किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली आणि तिने ग्रामीण किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंतचा पट्टा नव्या बांधकामासाठी बंद केला. पुढे 2011 आणि 2019 साली नव्या अधिसूचना आल्या, तपशील बदलले, वाद न्यायालयांत गेले. तरी काणकोणच्या किनाऱ्यावर हंगामापुरती उभारायची आणि पावसाळ्याआधी उतरवायची घरे हीच रीत रुळली. पाळोळे आणि पाटणे येथे अशा घरांच्या रांगा इतक्या दाटल्या आहेत, की शेजाऱ्याचे घोरणेही ऐकू यावे. गालजीबागच्या किनाऱ्यावर अजून तशी दाटी झालेली नाही.

(दृश्य : झाप विणणारे हात, जवळून.)

छपराचा झाप विणण्याचे काम पाहण्यासारखे असते. झावळ काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, म्हणजे पाती लवचिक होतात आणि कीड लागण्याची भीती कमी होते. मग मधला दांडा उभा चिरून तिचे दोन भाग करतात आणि एका भागाची पाती एकाआड एक, तिरकी, एकमेकींच्या वर आणि खाली घालत नेतात. विणणाऱ्या बाईची बोटे पात्यांकडे न पाहता चालतात; ती बोलत असते शेजारणीशी, आणि दांड्याच्या टोकाला पोहोचल्यावर शेवटची पाती आतल्या बाजूला दुमडून ती गाठ मारते. हे झाप सुंभाने वाशांना बांधतात. वरचा झाप खालच्या झापावर निम्म्याहून अधिक यावा लागतो, नाहीतर ऐन डिसेंबरातल्या अवकाळी सरीतही पाहुण्याच्या अंथरुणावर ठिबकायला वेळ लागत नाही. खिळा कोठेच मारलेला नसतो. त्यामुळे वारा सुटला की सगळे घर किंचित करकरते, आणि शहरातून आलेला माणूस पहिल्या रात्री दोन-तीनदा तरी उठून बसतो.

दिवस मावळल्यावर मात्र या घराचे खरे वेगळेपण समजते. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे गोव्यातले चार किनारे ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांच्या विणीसाठी राखलेले आहेत. साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री पुळणीवर येते, मागच्या पायांच्या वल्ह्यांनी सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात सुमारे शंभर अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि पोटाने वाळू थोपटून समुद्रात निघून जाते. मागे उरतो तो तिच्या वल्ह्यांचा, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उमटलेला पट्टा. पहाटे गस्तीवर आलेले वन खात्याचे कर्मचारी त्या पट्ट्यावरून जागा शोधतात, भोवती जाळी लावतात, आणि भरतीचे पाणी पोहोचण्याची भीती असेल तर अंडी वरच्या कोरड्या वाळूत हलवतात. पिल्ले बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. वाळू अधिक तापलेली असेल तर त्यांत माद्यांचे प्रमाण वाढते, थंड असेल तर नरांचे. बापाचा किंवा आईचा त्यात काही संबंध नाही, सगळा निकाल वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असतो.

पिल्ले बहुधा रात्रीच निघतात आणि जिकडे क्षितिज अधिक उजळ दिसते तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर ती उजळ बाजू समुद्राची असते. किनाऱ्यावर दिव्यांची माळ लावली, तर तीच पिल्ले जमिनीकडे वळतात आणि सकाळपर्यंत कावळ्यांच्या, कुत्र्यांच्या किंवा उन्हाच्या तडाख्यात सापडतात. म्हणून आमच्या घराच्या मालकिणीने अंधार पडताच पडवीतला दिवा मालवला, आतल्या दिव्याला कापडाचा आडोसा केला आणि विजेरी घेऊन पाण्याकडे जाण्यास आम्हाला स्वच्छ शब्दांत मनाई केली. पाहुण्यांना ही शिस्त जाचक वाटते, असे तिचे म्हणणे होते. आमचे मत विचाराल, तर पुळणीवर संगीत आणि रोषणाई हवी असणाऱ्याने गालजीबागला येऊच नये. त्याच्यासाठी गोव्यात किनारे कमी नाहीत.

(दृश्य : सकाळ. खोतीगाव अभयारण्याची वाट, पालापाचोळा, उंच खोड.)

खोतीगाव अभयारण्य 1968 साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 86 चौरस किलोमीटर आहे. जाहिरातींमध्ये हे सगळे रान सदाहरित वर्षावन म्हणून दाखवले जाते, ते तितकेसे खरे नाही. येथील बरेचसे रान आर्द्र पानझडी आहे. ऐन, किंदळ, जांभा असे वृक्ष त्यात मोठ्या संख्येने दिसतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याखाली पाचोळ्याचा थर साचतो. ओढ्यांच्या कडेने आणि डोंगरांच्या खोल घळींत शिरले की मात्र निमसदाहरित आणि सदाहरित पट्टे लागतात. तेथे ऊन खालपर्यंत पोहोचत नाही, गारंबीच्या मनगटाएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या असतात आणि उन्हाळ्यातही मातीला ओल असते. नैर्ऋत्य मोसमी वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि चार महिन्यांत जवळजवळ सगळ्या वर्षाचा पाऊस पाडून मोकळे होतात. उरलेले आठ महिने हे घळीतले रान त्या साठवणीवर जगते. शेजारी 1999 साली घोषित झालेले नेत्रावळी अभयारण्य आहे आणि पलीकडे कर्नाटकातली जंगले सुरू होतात. युनेस्कोने 2012 साली पश्चिम घाटातील 39 स्थळे जागतिक वारशात घेतली, त्यांत गोव्यातले एकही स्थळ नाही, ही गोष्ट येथे उभे राहिल्यावर खटकल्याशिवाय राहत नाही.

प्राणी दिसतीलच असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पाणवठ्याजवळ झाडावर उंच बांधलेल्या मचाणावर पहाटे गप्प बसण्याची तयारी असेल, तर गवे किंवा भेकर येण्याची शक्यता असते. शेकरू आणि राखी धनेश मात्र बहुधा आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. उडता सरडा खोडाला चिकटून बसलेला असला तर सालीत मिसळून जातो. त्याने गळ्याखालची पिवळी पिशवी बाहेर काढली, की तेवढ्यापुरते आपले लक्ष जाते. या रानात वेळीप समाजाच्या वाड्या आहेत. अभयारण्य घोषित होण्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे येथे राहतात, तेव्हा त्यांच्या अंगणाकडे कॅमेरा वळवण्याआधी विचारणे एवढे तरी आपल्याकडून व्हावे.

जेवण साधे आणि चोख मिळते. उकड्या तांदळाचा भात, तिरफळ घातलेले बांगड्याचे हुमण, सोलकढी, आणि हंगाम असेल तर तिसऱ्यांचे सुके. हुमणाचा लाल रंग जवळच्या खोल नावाच्या गावच्या मिरचीचा असतो. ही मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकते आणि तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पोहण्याबाबत एकच सांगायचे : नदीमुखाजवळ पाण्यात उतरू नये, कारण ओहोटीच्या वेळी नदीची ओढ माणसाला समुद्राकडे खेचते. विहिरीचे पाणी एप्रिलनंतर खाली जाते, म्हणून बादलीने अंघोळ करावी लागते, आणि मच्छरदाणीशिवाय झोपणे अशक्य असते. या गोष्टींना गैरसोय मानणाऱ्याने आधीच विचार केलेला बरा.

(दृश्य : मे महिना. छपरावरून उतरवलेले झाप, बांबूंच्या मोळ्या.)

मे महिन्याच्या अखेरीस घर उतरवतात. सुंभाच्या गाठी कापल्या की छप्पर सकाळच्या वेळातच मोकळे होते. जुने झाप माडांच्या आळ्यांत खत म्हणून जातात. चांगले बांबू आणि फळ्या गावातल्या कौलारू घराच्या माळ्यावर चढतात. ज्यांना काणकोणचा पाऊस पाहायचा असेल, त्यांनी पैंगीण किंवा लोलये येथील चिऱ्यांच्या घरात उतरावे. पावसाळ्यात नदी भरून येते, मुखाजवळची वाळू कधी उत्तरेला तर कधी दक्षिणेला सरकते आणि मर्यादवेलीने बांधून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्याही काही ठिकाणी ढासळतात. त्यामुळे ऑक्टोबरात मालकीण खांबांसाठी खुणा करायला येते, तेव्हा तिला आधी भरतीची रेषा नव्याने पाहावी लागते, आणि एखाद्या वर्षी घर गेल्या हंगामापेक्षा चार पावले मागे, सुरूंच्या अधिक जवळ उभे राहते.