लेक दोन वर्षांची झाली तेव्हा

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी,

कार्यकारिणीनं मला ‘परदेशात मुलं वाढवताना’ हा विषय दिला. घरात मराठी कशी टिकवायची, आजी-आजोबांची ओढ कशी राहील, हे आपण एरवीही बोलतोच. मला आज वेगळ्याच आयांबद्दल बोलायचंय. ज्यांना लहानपणी परदेशात दत्तक दिलं गेलं आणि ज्या आता स्वतः मुलं वाढवतायत, त्यांच्याबद्दल.

मी इथे नेदरलँड्समध्ये कोन्सुल्टाटीबुरोत, म्हणजे लहान बाळांच्या आरोग्य तपासणी केंद्रात, परिचारिका आहे. तुमच्यापैकी बहुतेकांची बाळं अशाच एखाद्या केंद्रात वजनकाट्यावर झोपलेली आहेत. वजन, उंची, लसी हे काम असतंच, पण त्याहून जास्त वेळ आईशी बोलण्यात जातो. त्या बोलण्यात दक्षिण कोरियातून दत्तक आलेल्या बायका मला भेटत गेल्या.

कोरियन युद्ध 1953 मध्ये थांबलं. 1955 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या होल्ट दांपत्यानं आठ कोरियन मुलं दत्तक घेतली आणि तिथून ही वाट रुंदावत गेली. सुरुवातीला युद्धात पोरकी झालेली आणि परदेशी सैनिकांपासून झालेली मुलं जात होती. युद्धाच्या खुणा पुसल्या, देश श्रीमंत होऊ लागला, तरी मुलं जातच राहिली. एकट्या 1985 मध्ये 8,800 हून जास्त मुलं देशाबाहेर गेली. लग्नाआधी आई झालेल्या मुलीला समाजात थारा नव्हता, गरीब घराला सरकारचा आधार नव्हता आणि पाठवलेल्या प्रत्येक मुलामागे संस्थांना पैसे मिळत होते. आईवडील जिवंत असलेल्या कितीतरी मुलांची कागदावर ‘अनाथ’ म्हणून नोंद झाली, कारण तशी नोंद असली की मूल पाठवणं सोपं जाई. 1988 च्या सोल ऑलिम्पिकच्या वेळी परदेशी पत्रकारांनी यावर लिहिलं तेव्हा कुठे सरकारला लाज वाटली. मार्च 2025 मध्ये तिथल्या सत्य आणि समेट आयोगानं या मुलांच्या हक्कांचं उल्लंघन झाल्याचं आणि त्याला सरकार जबाबदार असल्याचं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी माफी मागितली. तोवर ती मुलं चाळिशी-पन्नाशीची झाली होती.

आता कारा बोस यांची गोष्ट. ती जाहीर आहे, जगभरच्या वर्तमानपत्रांत आलेली आहे. 1983 मध्ये गोएसान नावाच्या गावात बाजाराच्या पार्किंगमध्ये अंदाजे दोन वर्षांची एक मुलगी एकटी सापडली. कागदोपत्री नाव कांग मी-सूक. पुढच्या वर्षी ती अमेरिकेत मिशिगनमधल्या कुटुंबात गेली. मोठी झाल्यावर ती इथे, आपल्या अॅमस्टरडॅममध्ये स्थायिक झाली. बरीच वर्षं तिनं जन्मदात्यांचा शोध मनावर घेतला नव्हता. मग तिची स्वतःची लेक दोन वर्षांची झाली.

दोन वर्षांचं मूल किती मोठं असतं हे आपल्याला माहीत आहे. ते बोलतं, रुसतं, आईच्या पदराचा वास ओळखतं, रात्री हात लावून बघतं की आई आहे ना. कारानं रोज स्वतःच्या लेकीत हे पाहिलं आणि आपल्याला कुणी सोडलं तेव्हा आपणही एवढ्याच होतो, हे तिला उमगलं. ती शोधाला लागली. डीएनए तपासणीतून एक नातेवाईक सापडला, त्यातून एक वृद्ध गृहस्थ समोर आले. त्यांच्या घरच्यांनी दार लावून घेतलं, म्हणून तिनं सोलच्या कौटुंबिक न्यायालयात दावा लावला. जून 2020 मध्ये न्यायालयानं ती त्यांची मुलगी असल्याचा निकाल दिला. जुळणी 99.9981 टक्के. परदेशी दत्तक गेलेल्या व्यक्तीनं कोरियात असा दावा जिंकण्याची ही पहिलीच वेळ. तिला इस्टेट नको होती, आईचं नाव हवं होतं. वडील थोडा वेळ भेटले, पण आई कोण हे त्यांनी सांगितलं नाही.

एवढी बातमी वाचून लोक हळहळतात. माझ्या टेबलापलीकडे बसलेल्या बायकांचं मात्र कुठेच छापून येत नाही. त्यांतल्या एकीचं तिच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही असं सांगते. बाळ झाल्यावर कोरियात बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सूप देतात, मियोक-गुक, जसं आपल्याकडे अळीव. तिच्या डच आईला ते कुठून माहीत असणार? बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी तिनं आशियाई दुकानातून वाळवलेलं शेवाळ मागवलं, मोबाईलवर कृती बघत टाके सांभाळून उभ्याउभ्या सूप केलं. एक चमचा घेतला आणि वाटी बाजूला ठेवली. मला म्हणाली, “माझ्या आईला मला जन्म दिल्यावर हे कुणी करून दिलं असेल का? की लपूनछपून बाळंत झाली असेल ती?”

आमच्या फॉर्मवर घराण्यातल्या आजारांचा रकाना असतो. मधुमेह, हृदयविकार, थायरॉइड. आपण भराभर सांगतो, “सासूबाईंना साखर आहे, काकांना बायपास.” ती तिथे दरवेळी ‘माहीत नाही’ लिहायची. त्याच बाईनं दुसऱ्या भेटीत बाळाची करंगळी मला दाखवली. जरा आत वळलेली, अगदी तिच्यासारखी. तोवरच्या आयुष्यात तिनं स्वतःसारखं दिसणारं, रक्ताच्या नात्याचं माणूस पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ती हसत होती. मूल दीड वर्षाचं झालं आणि पाळणाघरात जाऊ लागलं, तसं तिचं झोपेचं खोबरं झालं. मूल दारात रडलं की तिच्या हातापायांतलं बळ जायचं. आपण आता सोडून जातोय आणि परत येणारच नाही, असं तिला वाटायचं.

तीन वर्षांच्या आतलं आपल्याला सहसा आठवत नाही. म्हणून लोक म्हणतात, एवढ्या लहान बाळाला काय कळलं असणार. पण शरीर त्या वयातही शिकत असतं. धोका काय, आधार काय, आणि रडल्यावर कुणी येतं की नाही. ती शिकवण शब्दांशिवाय आत राहते, आणि स्वतःचं मूल त्याच वयाला येऊन तसंच रडलं की वर येते. याला उपचार आहेत. हुइसार्टशी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरशी, बोलून मानसोपचार घेता येतात, आणि मुळांच्या शोधासाठी फिओमसारखी संस्था इथे आहे. माझ्या त्या बाईनं दोन्ही केलं. ती बरी आहे, मूल मजेत आहे. आई मात्र सापडलेली नाही.

मला राग येतो तो भोवतालच्या माणसांचा. “तू नशीबवान, इतक्या चांगल्या घरात वाढलीस.” हे वाक्य तिनं आयुष्यभर ऐकलं. ज्यांनी वाढवलं त्यांच्यावर तिचा जीव आहेच. पण जिनं जन्म दिला तिचं काय झालं, हे विचारणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. दोन्ही एकाच मनात राहू शकतात, आणि ते तिला पुन्हा पुन्हा पटवून द्यायला लागतं याचं मला वाईट वाटतं.

आणि हे फक्त कोरियाचं नाही. मुंबई-पुण्याच्या संस्थांमधूनही मुलं युरोपात आली, या देशातही आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, त्याआधीचे कागद तर फारच विस्कळीत. त्यांतली काही माणसं आता गणपतीला आपल्या मंडळात येतात. नाव डच, चेहरा आपला. आपण मोठ्या प्रेमानं जवळ जातो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, “मूळचे कुठले?” त्यांना ते ठाऊक असतं तर किती बरं झालं असतं! आधी मोदक वाढा, बसायला जागा द्या. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतील.

एक काम मात्र आपण करू शकतो, आणि ते आपल्याशिवाय इथे कुणी करू शकणार नाही. न्यायालयाचे आदेश इंग्रजीत असतात, ते त्यांना वाचता येतात. अडतं ते संस्थेच्या रजिस्टरमधल्या हातानं लिहिलेल्या मराठी नोंदींपाशी, पोलीस पंचनाम्यापाशी, एखाद्या जुन्या पोस्टकार्डापाशी. एका तरुणीनं असे दोन कागद मला दिले. शाई फिकी, अक्षर गिचमिड, मला निम्मंच लागलं. तिचा मुलगा मार्चमध्ये तीन वर्षांचा होईल आणि त्याआधी तिला ते पूर्ण वाचून हवेत. इथे बसलेल्या काका-काकूंपैकी ज्यांना जुनी अक्षरं लागतात, तालुका कचेरीत किंवा शाळेत ज्यांची हयात गेली, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव आणि फोन लिहून द्या. कागदातलं कुणाचंही नाव बाहेर जाता कामा नये, एवढी एकच अट आहे.