पिझ्झा हे निमित्त

मित्रहो, एखादी जागा खाण्याची आहे की करमणुकीची, हे ठरवायचे तर मेन्यूकार्ड पाहून भागत नाही. गल्ल्यात पैसा कशाचा पडतो आणि गिऱ्हाईक तिथे कशासाठी थांबते, हेही पाहावे लागते. अमेरिकेतील ‘चक ई. चीज’ या पिझ्झा-आर्केडच्या (पिझ्झा आणि नाणी टाकून खेळायची यंत्रे एकाच छपराखाली असणाऱ्या दुकानांच्या) साखळीकडे मी आज त्याच दृष्टीने पाहणार आहे.

या साखळीचे पहिले दुकान १९७७ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे निघाले. ते काढणारे नोलन बुशनेल हे खानावळीच्या धंद्यातले नव्हते, तर ‘अटारी’ या व्हिडिओ गेम कंपनीचे संस्थापक होते. अटारी आपली यंत्रे एकरकमी विकत असे आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांत पडणारी नाणी दुसरेच कोणीतरी मोजत असे, ही त्यांची खंत होती. ती नाणी आपल्याकडे यावीत म्हणून त्यांना स्वतःची जागा हवी होती. परंतु त्या काळी अशी यंत्रे प्रामुख्याने बारमध्ये किंवा बोलिंगच्या अड्ड्यांवर असत, आणि तिथे मुलाबाळांना घेऊन कोण जाणार? पिझ्झाने हा पेच सोडवला. तो करायला सोपा, बिघडायला अवघड, आणि मुख्य म्हणजे भाजून येईपर्यंत वेळ लागणारा पदार्थ आहे. एरवी उशीर झाला की गिऱ्हाईक कुरकुरते. इथे तो उशीरच मालकाच्या पथ्यावर पडणारा होता. पिझ्झा येईपर्यंत मुलांच्या मुठीतली टोकने यंत्रांत जात आणि भिंतीवरच्या यांत्रिक बाहुल्या आईवडिलांना गाणी ऐकवत.

म्हणजे पिझ्झा ही कुटुंबाला आत येण्याची सबब होती, आणि कमाई खेळांवर व्हायची होती. या कल्पनेतला धोकाही लवकरच दिसला. १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि पुढच्याच वर्षी ही कंपनी दिवाळखोरीत गेली. नुसत्या पिझ्झाच्या बळावर तिला तग धरता आला नाही. ‘शोबिझ पिझ्झा’ या प्रतिस्पर्धी साखळीने तिला विकत घेतले आणि दोन्ही एकत्र चालू लागल्या. गेल्या दशकात तर उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक वाटा खेळांचा आणि त्यासोबतच्या विक्रीचाच होता.

तरीही तिला निव्वळ करमणुकीचे ठिकाण म्हणणे मला पटत नाही. वाढदिवसाला दहा-बारा मुले एका टेबलाभोवती बसतात, अर्धा तुकडा खाऊन पळतात, यंत्रातून निघालेली बक्षिसांच्या तिकिटांची लांबलचक पट्टी गळ्यात घालून परततात आणि गार झालेला उरलेला तुकडा उचलतात. पालकांना हक्काने टेकायला हे टेबलच असते. ते काढून टाकले, तर आर्केडमध्ये दोन-अडीच तास उभे राहण्याची कोणाची तयारी असेल?

या जोडगोळीतले दोन भाग प्रत्यक्ष वेगळे करून पाहण्याची वेळ २०२० साली आली. साथीमुळे खेळघरे बंद पडली, तेव्हा कंपनीने त्याच स्वयंपाकघरांतला पिझ्झा घरपोच विकायला घेतला, पण ‘पास्कालीज पिझ्झा अँड विंग्ज’ या नावाने. पास्काली हा त्यांच्याच बाहुल्यांच्या वाद्यवृंदातला पिझ्झावाला, पण ते किती गिऱ्हाइकांना ठाऊक असणार? ताकाला जाऊन भांडे लपवावे, तसाच हा प्रकार होता. ज्या नावामुळे मुले आईवडिलांना ओढत नेत, ते नाव पिझ्झाच्या खोक्यावर लावण्याइतका विश्वास मालकांनाच वाटत नव्हता. पिझ्झा हे निमित्तच होते, याची माझ्या मते याहून स्पष्ट कबुली मिळणे कठीण आहे. त्याच वर्षी कंपनीने पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वेळी न्यायालयापुढे आलेल्या विषयांत बक्षिसांच्या सुमारे ७ अब्ज कागदी तिकिटांची विल्हेवाट लावण्याचाही एक विषय होता.

दिवाळखोरीतून बाहेर पडल्यावर कंपनीने बहुतेक शाखांतून बाहुल्या हटवल्या आणि अनेक ठिकाणी उड्या मारण्याचे ट्रॅम्पोलिन आणले. आता तर ती मासिक पासही विकते. त्यात सभासदाला रोज ठरावीक खेळ मिळतात आणि पिझ्झावर मात्र सवलत मिळते.